भीमथडीचं तट्टू आणि अंदलूसचा घोडा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन केलं आहे. सुभ्याची जी ‘सरकारं’ त्याने मोजली, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हे, त्यात आमचं कळंब आहे. आज ते यवतमाळ जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. चिंतामणीच्या देवळासाठी लोक इथे येतात, पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात दर्शन घेतात आणि नागपूरच्या किंवा यवतमाळच्या एस.टी.त बसतात. पण सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फझल लिहितो, की हे जुनं आणि महत्त्वाचं शहर आहे. एवढं वाचून छाती फुगते न फुगते तोच पुढचं वाक्य येतं : इथल्या म्हशी नावाजलेल्या आहेत!

म्हशींबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचं दूध पिऊनच आम्ही वाढलो. पण त्याच ग्रंथात बादशहाच्या तबेल्यावर एक आख्खं प्रकरण आहे. त्यात घोड्यांची उतरंड लावली आहे. सर्वांत वर अरबी, मग इराणी, मग तुर्की आणि त्यांच्या जवळपासचे. अगदी खाली हिंदुस्थानी. हिंदुस्थानी घोड्यांतही चांगला तो ‘ताजी’, मध्यम तो ‘जंगला’ आणि सगळ्यांत हलका तो ‘तट्टू’. आज मला या शेवटच्या पायरीवरच्या जनावराविषयी बोलायचं आहे.

मराठीत तट्टू हा शब्द काही फार मानाचा नाही. पैशासाठी कुणाचीही पालखी वाहणाऱ्याला आपण भाडोत्री तट्टू म्हणतो. आणि तरीही महाराष्ट्राच्या राज्यगीतात हे तट्टू आहे. नागपूरला जन्मलेले कवी राजा बढे यांचं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत, श्रीनिवास खळ्यांनी चाल दिलेलं आणि शाहीर साबळ्यांनी गाऊन घरोघरी नेलेलं, ते २०२३ साली राज्यगीत झालं. त्यात नद्यांची नावं आहेत, आणि भीमथडीच्या तट्टांचा मानाने उल्लेख आहे. शाळेत आम्ही ते गीत मोठ्या आवाजात म्हणायचो. भीमथडी म्हणजे काय, हे मात्र गुरुजींनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मला वाटायचं, भीम नावाच्या कुणा पहिलवानाचं ते घोडं असेल.

थडी म्हणजे नदीचा काठ. गोदावरीचा काठ ती गंगथडी, भीमेचा काठ ती भीमथडी. इंग्रजी अमदानीत पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता. आजच्या दौंड-बारामतीकडचा हा मुलूख. भीमा सह्याद्रीत भीमाशंकरला उगम पावते, पण डोंगर उतरून पूर्वेला लागली की तिच्या दोन्ही बाजूंना पाऊस एकदम कमी होतो. नीरेचं आणि माणगंगेचं खोरं याच जातीचं. मोकळे माळ, टणक जमीन, गवत आखूड पण कसाचं. शेतकऱ्याला ही भूमी रडवते. घोड्याला मात्र ती मानवते. कोकणातल्या चिखलात आणि दमट हवेत घोड्याचे खूर सडतात, अंगाला रोग लागतात. कोरड्या माळावर तो काटक होतो.

पण या माळावर चांगला घोडा आला कुठून? इथे समुद्राकडे वळावं लागेल.

तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोने आपल्या ठाणे बंदराबद्दल एक मजेदार गोष्ट लिहून ठेवली आहे. ठाण्याच्या राजाचं म्हणे चाच्यांशी संगनमत होतं. त्यांनी समुद्रात वाटेल ती लूट करावी, सोनंनाणं आणि माल स्वतःकडे ठेवावा, फक्त लुटीत सापडलेले घोडे तेवढे राजाला द्यावेत! कारण राजाकडे घोडे नव्हते, आणि हिंदुस्थानाकडे येणाऱ्या प्रत्येक जहाजात इतर मालाबरोबर घोडे असायचेच. दक्षिणेतले राजे दर वर्षी घोडे विकत घेत आणि निगेअभावी ते दर वर्षी मरत. त्यातही व्यापाऱ्यांची चलाखी अशी, की ते स्वतः तर नालबंद आणत नसतच, पण दुसऱ्या कुणा नालबंदालाही तिकडे जाऊ देत नसत. घोडे जगले तर धंदा कसा चालणार? मी नालबंदाचा नातू आहे, म्हणून हा तपशील माझ्या फार लक्षात राहिला. त्याविषयी पुढे सांगतो.

साधारण १४६९ साली अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला. त्याच्याजवळ विकण्यासाठी एक घोडा होता. ख्वाजा अहमद अब्बास यांचा १९५७चा ‘परदेसी’ हा चित्रपट याच माणसावर आहे. घोडा घेऊन तो घाट चढला आणि जुन्नरला पोहोचला. तिथल्या बहमनी अंमलदार खानाने घोडा जप्त केला आणि अट घातली : मुसलमान हो, घोडाही घे आणि वर हजार मोहराही घे. चार दिवसांची मुदत. बिचारा निकितिन रडकुंडीला आला. तेवढ्यात खुरासानहून आलेला खोजा महंमद त्याला भेटला. तो खानाकडे गेला, रदबदली केली आणि घोडा सोडवून आणला. अट घालणारा खान मुसलमान आणि सोडवणारा खोजाही मुसलमान. ही गोष्ट सांगताना लोक बहुधा दोघांपैकी एकाचंच नाव घेतात. कुणाचं घ्यायचं ते सांगणाऱ्याच्या सोयीनुसार ठरतं. मी दोघांचंही घेतो. पुढे निकितिनने तो घोडा बिदरला विकला. इथे घोड्यांना साखर-तेल घातलेली खिचडी चारतात, अशीही त्याने नोंद केली आहे.

मग पोर्तुगीज आले. १५१०ला गोवा आणि १५१५ला इराणच्या आखाताच्या तोंडावरचं होर्मुझ त्यांच्या हाती गेलं. म्हणजे घोडे जिथून निघत तेही बंदर त्यांचं आणि जिथे उतरत तेही त्यांचं. गोव्याच्या उत्पन्नात घोड्यांवरच्या जकातीचा वाटा फार मोठा होता. विजयनगरचा राजा वर्षाला तेरा हजार घोडे घेतो, असं नुनिझ या पोर्तुगीज व्यापाऱ्याने लिहिलं आहे. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा यांचीही घोड्यांची भूक तशीच होती. या दोन-तीनशे वर्षांत अरबी, इराणी, तुर्की घोडा दख्खनच्या माळावर पोहोचला, इथल्या लहान पण चिवट घोडीला भेटला, आणि त्या संकरातून भीमथडीचं तट्टू घडलं असं जाणकार मानतात. त्याची वंशावळ कुणी लिहून ठेवली नाही. बाहेरच्याचा वेग आणि इथल्याची चिकाटी, दोन्ही त्याच्यात उतरली.

पोर्तुगालला लागूनच स्पेन. त्या स्पेनच्या दक्षिण टोकाला भीमेसारखीच एक नदी आहे, आणि तिच्या खोऱ्यानेही एका घोड्याला आपल्या प्रांताचं नाव दिलं. नदीचं नाव ग्वादल्किविर. स्पॅनिश जिभेवर घोळून झालेलं हे रूप मुळात अरबी आहे : वादी अल-कबीर, मोठी नदी. प्रांताचं नाव आंदालुसिया, म्हणजे अरबांचा अंदलूस. इ.स. ७११मध्ये उत्तर आफ्रिकेतून तारिकचं सैन्य समुद्र ओलांडून आलं, तिथपासून १४९२मध्ये ग्रानाडा पडेपर्यंत इथे कुठे ना कुठे मुसलमानी सत्ता होती. उर्दू कवितेला अंदलूसचं फार वेड. इक्बाल १९३३ साली कोर्दोबाला, त्यांच्या भाषेत कुर्तुबाला गेले आणि तिथल्या मशिदीवर त्यांनी दीर्घ कविता लिहिली. आमच्या घरात अंदलूस म्हटलं की आधी उसासा यायचा, मग कारंजी, मग बागा. घोडा कुणाला आठवायचा नाही.

तिथला घोडा भरदार मानेचा, दाट आयाळीचा, पाय उचलून नाचल्यासारखा चालणारा. रंगाने बहुतेक पांढरा किंवा करडा. इबेरियातल्या घोड्यांची ख्याती रोमन काळापासूनची. पुढे आफ्रिकेतल्या बर्बर स्वारांचे घोडे त्यांच्यात मिसळले. किती मिसळले यावर अभ्यासक अजून भांडतात, आणि त्या भांडणात रक्तापेक्षा अभिमानच जास्त असतो असा मला संशय आहे. राजा दुसरा फिलिप याने १५६७च्या सुमारास कोर्दोबाला राजेशाही पागा काढली आणि या घोड्याला घाट दिला. मग युरोपातल्या प्रत्येक दरबाराला तो हवासा झाला. १५८०मध्ये लिपित्सा इथे ऑस्ट्रियाच्या राजघराण्याने पागा उभारली, तीही स्पेनहून घोडे नेऊनच.

या राजेशाही कहाणीच्या आतली एक गंमत सांगतो. १४९३मध्ये कोलंबस दुसऱ्या सफरीला निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर घोडेस्वार होते. सेव्हिल शहरात त्यांनी उत्तम घोडे दाखवून तपासणी करून घेतली. पण जहाजावर चढवताना ते घोडे विकून टाकले, किंमतीतला फरक खिशात घातला आणि हलकी तट्टं चढवली! कोलंबसाने पुढे राजाराणीला पाठवलेल्या निवेदनात ही तक्रार केली आहे. अमेरिकेच्या भूमीवर तेव्हा हजारो वर्षं घोडाच नव्हता. तिथे पुन्हा जे घोडे उतरले, त्यातल्या पहिल्यांत ही बदली तट्टं होती. आणि ती जगली. लांबचा समुद्र, नवं गवत, नवे रोग यांतून निभावून गेली.

अंदलूसच्या घोड्यावरही वाईट दिवस आले. युद्धं झाली, नेपोलियनच्या फौजा देशात शिरल्या, दरबारांची आवड बदलून उंच इंग्रजी घोड्याकडे गेली. त्या काळात हेरेस शहराजवळच्या कार्थुशियन मठातल्या साधूंनी आपली घोडी सांभाळली, आणि मठानंतर काही खासगी घराण्यांनी, असं तिथे परंपरेने सांगतात. १९१२ साली स्पेनने या घोड्याला ‘शुद्ध स्पॅनिश वंश’ असं सरकारी नाव दिलं. १९७३ पासून हेरेसला त्याची शाळा आहे, तिथे तो संगीतावर पावलं टाकतो. दर वर्षी जत्रा भरते. जगभरचे लोक तिकीट काढून बघायला जातात.

मला मोह पडला तो मात्र शब्दांचा. स्पॅनिशमध्ये घोडेस्वाराला ‘हिनेते’ म्हणतात. तो शब्द झनाता या बर्बर टोळीच्या नावावरून आला. ओझ्याच्या जनावराच्या पाठीवरच्या जाड गादीला तिथे ‘आल्बार्दा’ म्हणतात, तोही अरबीतून. आणि घोड्याच्या साजाला म्हणतात ‘हाएस’, जो मूळचा अरबी ‘जहाझ’, म्हणजे सरंजाम, सामग्री. आता गंमत बघा. तोच ‘जहाझ’ फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठीत ‘जहाज’ झाला. हिंदीतला ‘दहेज’ही त्याच घरचा. एकाच शब्दाने स्पेनमध्ये घोडा सजवला, आणि आमच्याकडे तो घोडे वाहून आणणारं गलबत झाला.

मराठीतला घोडा हा शब्द आपला जुना, ‘घोटक’वरून आलेला. शिंगरू आपलं. पण त्याच्या पाठीवर हात ठेवा. जीन फारसी, खोगीर फारसी, तोबरा फारसी, चाबूक फारसी, लगाम फारसी. रिकीब अरबी, नाल अरबी, सईस अरबी. स्वार, बारगीर, शिलेदार, पागा, सगळे तिकडून आलेले. काळ्यापांढऱ्याला अबलख म्हणतो ते अरबी, कस्तुरीसारख्या काळ्याला मुश्की म्हणतो ते फारसी. आणि तोंड व चारही पाय पांढरे असले की लगेच संस्कृत : पंचकल्याणी! शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राजव्यवहारकोश करून घेतला. त्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. दरबारात त्याचा उपयोग झाला असेल, पण पागेत लगाम तो लगामच राहिला. उलटही घडलं. आपल्या प्राचीन अश्ववैद्यकाचा जनक शालिहोत्र. त्याच्या नावाच्या शास्त्राचा बहमनी काळात गुलबर्ग्याला फारसीत अनुवाद झाला, आणि जनावरांच्या वैद्याला उर्दूत ‘सलोतरी’ म्हणू लागले.

माझे आजोबा, आम्ही त्यांना दादामियाँ म्हणायचो, बाजाराच्या दिवशी हा शब्द वापरायचे. ते नालबंद होते. टांग्याची घोडी थोडी, बैल जास्त. बैलाला दोर टाकून आडवा पाडायचा, चारी पाय बांधायचे आणि खुराला पत्री ठोकायची, हे काम पोळ्याआधी जोरात चाले. एखादं जनावर आजारी दिसलं की ते मालकाला म्हणत, “पाटील, हे माझ्या हातचं काम नाही, सलोतरीला दाखवा.” हा शब्द संस्कृतातून निघून फारसीत फिरून आपल्या तोंडी आला आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. असायचं कारणही नव्हतं. घोडं मात्र ते दुरूनच ओळखायचे. उंच, देखणं घोडं बघून त्यांचे डोळे चमकत नसत. आधी ते खूर बघायचे.

भीमथडीच्या तट्टाचं सामर्थ्य खुरात आणि पोटात होतं. मलिक अंबरने ते ओळखलं. हा मूळचा हबशी गुलाम, निजामशाहीचा वजीर झाला. मोगलांशी समोरासमोर भिडण्याऐवजी हलक्या मराठी घोडदळाने रसद तोडायची, छापा घालायचा आणि डोंगरात पसार व्हायचं, ही रीत त्याने वापरली. १६२४ला अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशहा यांच्या एकत्र फौजांना त्याने हरवलं, त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. पुढे ज्याला आपण गनिमी काव्याचा कळस म्हणतो, ते शिवाजी महाराजांनी घडवलं. ‘गनीम’ हाही शब्द अरबीच.

महाराजांच्या पत्रांत एक पत्र घोड्यांच्या वैरणीविषयी आहे. चिपळूणजवळ दलवटण्याच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना १६७०च्या दशकात लिहिलेलं. त्यात ते सांगतात, की पावसाळ्यासाठी साठवलेलं दाणा-गवत आताच उधळलंत, तर पुढे मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, त्यांचा दाणा, भाजी, लाकूड ओढून आणाल, आणि त्या लोकांना मोगल बरा वाटू लागेल. शिवाय रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल! राजाने उंदराचाही विचार केला आहे. घोडदळाच्या इतिहासात मी पुष्कळ लढाया वाचल्या, पण त्या कशा जिंकल्या हे मला या पत्राने समजावलं.

औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ ही वर्षं भीमेच्या काठावरच, मंगळवेढ्याजवळच्या ब्रह्मपुरीला होती. मोगलांचे उंच तुर्की, इराकी घोडे दाणा मागत. दाण्याला बैलांचे तांडे लागत, आणि तांडे मराठे वाटेत लुटत. मराठ्यांचं तट्टू माळावरच्या गवतावर आणि मूठभर बाजरीवर मजल मारी. मोगलांची घोडी पाणी पिईनात तेव्हा ‘पाण्यात संताजी-धनाजी दिसतो काय’ असं स्वार विचारत, ही दंतकथा आपण लहानपणापासून ऐकली. तिच्यातली भीती खरी होती, आणि घोड्यांच्या पोटाची अडचणही खरी होती.

हीच तट्टं आमच्याकडे आली. नागपूरकर भोसले मूळचे साताऱ्याकडच्या देऊरचे. रघूजींच्या आधी कान्होजी भोसल्यांचं ठाणं यवतमाळ जिल्ह्यातल्या भाम या गावी होतं. म्हणजे भीमा-कृष्णेकाठचे स्वार अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आमच्या काळ्या मातीत उतरले होते. तिथून नागपूर, आणि १७४२ पासून थेट बंगाल. भास्करपंत कोल्हटकरांच्या फौजा गंगेच्या खोऱ्यात शिरल्या. १७४४ला अलीवर्दीखानाने भास्करपंतांना बोलणीसाठी बोलावून ठार केलं. १७५१ला तह होऊन ओरिसा आणि बारा लाखांची चौथाई भोसल्यांना मिळाली. हे आपण अभिमानाने सांगतो. पण बंगालीत ‘बारगीर’ शब्दाचा ‘बर्गी’ झाला, आणि बर्गी आले असं सांगून आया लेकरांना झोपवू लागल्या. कलकत्त्याच्या इंग्रजांनी शहराभोवती खंदक खणला, तो ‘मराठा डिच’ म्हणून ओळखला गेला. पुढे तो बुजवून त्यावर रस्ता झाला. दलवटण्याच्या पत्रात कुणब्याच्या भाजीची काळजी करणारं घोडदळ सत्तर वर्षांत परक्या मुलांचं बागुलबुवा झालं. यात तट्टाचा दोष नाही. लगाम ज्याच्या हातात, त्याला विचारायचं.

१८१८ला पेशवाई बुडाली. पागा मोडल्या. शिलेदार घोडा विकून नांगराला लागला. शिरूर तालुक्यात ‘आलेगाव पागा’ असं गावाचं नाव तेवढं मागे राहिलं. इंग्रज साहेबाला उंच घोडा हवा होता. तो अरबस्तानातून येई, मग ऑस्ट्रेलियातून ‘वेलर’ येऊ लागला. आगगाडी धावू लागली आणि लांबच्या मजलेलाही घोडा नको झाला. तट्टू पुन्हा अबुल फझलच्या शेवटच्या पायरीवर जाऊन उभं राहिलं.

मग ते टिकलं कुणाकडे? धनगरांकडे. मठ नव्हता, राजेशाही पागा नव्हती. पावसाळा संपला की फलटण, बारामती, माणकडचे मेंढपाळ मेंढरं घेऊन घाट उतरतात, आणि उन्हाळ्याअखेर परततात. पुरुष मेंढरांबरोबर. बाया घोडी घेऊन वाटेने पुढे. घोडीच्या पाठीवर राहुटीच्या काठ्या, घोंगड्या, भांडी, पिठाची पिशवी, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि रात्री जन्मलेलं कोकरू. दोनशे वर्षं या लोकांनी शेकडो मैलांची ही वारी चालू ठेवली, आणि तिच्या पोटात ही जात जिवंत राहिली.

काही वर्षांपूर्वी एका कविसंमेलनाहून परतताना फलटणच्या पुढे असा एक वाडा रस्त्याच्या कडेला थांबलेला दिसला. मी उतरलो. एक म्हातारी बाई घोडीच्या पाठीवरचा दोर आवळत होती.

“मावशी, हे कोणत्या जातीचं घोडं?” मी विचारलं.

“जात कशाची वो दादा? घरचं घोडं हाय. ह्येची आय बी आमच्यातच मेली.”

“याला भीमथडी म्हणतात ना?”

“म्हनत असत्याल,” ती म्हणाली, आणि दोराची गाठ मारून कोंबड्यांकडे वळली.

आता सरकारही तसं म्हणू लागलं आहे. कर्नालला राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे, तिथे देशातल्या जनावरांच्या जाती नोंदल्या जातात. घोड्यांच्या सात जाती तिथे होत्या : मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, भूतिया, स्पिती, झांस्कारी, कच्छी-सिंधी. २०२३-२४ या वर्षात आठवी नोंद भीमथडीची झाली. स्पेनच्या शंभराहून जास्त वर्षं मागाहून. या नोंदीसाठी ज्यांनी माळरानं पालथी घालून घोडी मोजली, रक्ताचे नमुने घेतले, कागद केले, त्यांचे आभार मानले पाहिजेत.

तरी एक धास्ती वाटते, आणि ती सांगितल्याशिवाय हे भाषण पुरं होणार नाही. जातीला नाव मिळालं की भाव येतो. भाव आला की हौस येते. सारंगखेड्याच्या किंवा आमच्याकडून जवळच्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत जाऊन बघा. चर्चा होते ती मारवाडीची, काठियावाडीची, पंजाबकडच्या पांढऱ्याशुभ्र नुकऱ्याची. वरातीला, नाचवायला, फोटोला उंच घोडा लागतो. उद्या कुणी श्रीमंत हौशी माणूस भीमथडीलाही उंच करायला निघाला, मान वाकवायला निघाला, तर पाच-दहा पिढ्यांत घोडा देखणा होईल. दादामियाँ असते तर त्यांनी त्याचे खूर बघितले असते.

दुसरी अडचण याहून जवळची आहे. नीरेच्या आणि भीमेच्या खोऱ्यात कालवे आले, ऊस आला, कारखाने आले, औद्योगिक वसाहती आल्या. त्याने पुष्कळांचं भलं झालं, त्यांना नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण चराऊ रानं आक्रसली. मेंढरांच्या जुन्या वाटांवर चौपदरी रस्ते झाले. धनगरांची पोरं शाळेत जाऊ लागली, आणि ती जावीतच. अनेक वाड्यांनी आता सामान हलवायला पिकअप गाडी ठरवायला सुरुवात केली आहे. काठ्या, भांडी, कोंबड्या, कोकरं, म्हाताऱ्या, सगळं एका खेपेत घाटाखाली पोहोचतं. घोडी मात्र गाडीत मावत नाही. तिला घेऊन कुणीतरी मागून चालत जावं लागतं, आणि ओझं नसलेली घोडी दर वर्षी कशासाठी चालवायची, हा प्रश्न त्या घरातल्या माणसांना आता दिवाळी आली की पडू लागला आहे.